शेजारी पडलेलं ऊन

"ऊन गोळा करणं सोपं, कडूबा. गोळा झालेलं आवरणं अवघड!" चारच्या चहाची बशी फुंकत शौकत मास्तर म्हणाले.

रिटायर झाल्यावर औरंगपुऱ्यातल्या आपल्या गच्चीवर मास्तरांनी सूर्य बघायची दुर्बीण मांडली होती. परातीएवढा खोलगट आरसा त्यांनी स्वतः घासला होता, तोही मोठ्या वेधशाळेतल्यासारखा, मुद्दाम तिरका. शेजारचा कडूबा हे सगळं चहाबरोबर रोज मुकाट्यानं पोटात घ्यायचा. बायको चतुराबाई गेल्यापासून त्याला दुसरी सोबत नव्हती.

"साध्या दुर्बिणीत दुसरा आरसा मधे येऊन उजेड अडवतो. माझ्यात ऊन बाजूला जाऊन एका ठिपक्यात जमतं. तिथं पाण्यानं गार केलेला पत्रा, मधोमध बारीक भोक. हवा तेवढाच सूर्य आत, बाकीची आग बाहेर!"

"बसवला का पत्रा?"

"नळी गळत होती, दुरुस्तीला दिलाय."

"मग आरसा झाकला असंल?"

"चादर धुवायला टाकलीय. पण सकाळीच पश्चिमेकडं तोंड केलंय त्याचं. ऊन येतंच नाही तिकडं."

"मास्तर, जळल्याचा वास येतोय."

"तुझं दूध उतू गेलं असेल."

"गॅस लावलाच नाय मी!"

मास्तरांची बशी हातातच राहिली. सूर्य दुपारनंतर पश्चिमेला जातो, हे त्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं. दोघं धापा टाकत मास्तरांच्या गच्चीवर पोहोचले.

ऊन अगदी ठरल्याप्रमाणे बाजूला गेलं होतं. बाजूला कडूबाची गच्ची होती. तिथं दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीला मधोमध भाकरीएवढं भोक पडलं होतं, आणि कडा धुमसत होत्या. कडूबानं मधला कठडा ओलांडून बादली ओतली.

"चतुराभाभीच्या हातची ना ही?" मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "फोडून टाकतो तो आरसा!"

"लई जपली होती." कडूबा भोकावरून हात फिरवत राहिला. "ती म्हनायची, ह्यो मास्तर एक दिवस आपलं घर पेटवंल. मी तुमच्या बाजूनं भांडायचो तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी त्यानं गोधडी धुऊन आणली आणि आरशावर घातली.

"अरे, पण भोक आहे तिला."

"तुमच्या पत्र्यालाबी असतंच की. राहू द्या. तिची नजर राहील तुमच्यावर."

पत्रा दुरुस्त होऊन आला, पण गोधडी काढायला मास्तरांचा हात काही धजत नाही. चहाला आता कडूबा चतुराबाईबद्दल बोलतो आणि मास्तर ऐकतात. इतक्या दिवसांत आपण तिच्याबद्दल एकदाही विचारलं नाही, याचं त्यांना त्या भोकापेक्षा जास्त वाईट वाटतं.