डावीकडून घरी

स्टिअरिंगचं चाक निघालं तेव्हा ते अण्णांच्या मांडीवर आलं आणि अण्णा मेव्हण्याच्या मांडीवर. दोघंही थोडा वेळ तसेच बसून राहिले.

"निघालं," मेव्हणा खालून म्हणाला.

"निघालं ते दिसतंय मला. आधी माझा दंड सोड."

पिकअप अण्णांच्या रोपवाटिकेइतकीच जुनी होती. गोल दिव्यांची, फुगीर गालांची. मागच्या हौद्यात कुंड्या, खत आणि माती वाहून वाहून तिलाच पालवी फुटायची बाकी होती. अलीकडे मात्र तिच्या स्टिअरिंगला इतका खेळ आला होता, की चाक आत्ता फिरवावं आणि गाडीने जरा विचार करून मग वळावं. खड्ड्यातून जाताना तर सगळा दांडा थडथडायचा. गॅरेजवाल्याने बघून सांगितलं, "कॉलमच बदला." म्हणजे चाकापासून खाली जाणारा अख्खा दांडा. तसाच दुसरा दांडा अण्णांनी भंगारच्या दुकानातून शोधूनही आणला. पण गॅरेजवाला म्हणाला सोमवारी या, आणि माईंना रविवारी दवाखान्यातून घरी सोडणार होते.

माई म्हणजे अण्णांची बायको. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईने बजावलं होतं, की बसताना गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, तेव्हा खोलगट सीटच्या मोटारीतून न्यायचं नाही. पिकअपची सीट बाकासारखी, उंच आणि सपाट. अण्णांनी चढायला एक रुंद लाकडी पायरीही करून ठेवली होती. राहता राहिलं ते स्टिअरिंग. ज्या हाडात नुकताच खिळा ठोकलाय, ते हाड असल्या थडथडीत घरापर्यंत आणायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. माई नसताना ते रोज सकाळी सवयीने दोन कप चहा करत आणि दोन्ही स्वतःच पीत. हाताला काहीतरी काम हवं होतं.

मदतीला माईंचा धाकटा भाऊ आला. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातली सगळी यंत्रं ही शिलाई मशीनची लांबची भावंडं आहेत, असं त्याचं ठाम मत होतं.

"मशीन काय, मोटार काय, भाऊजी," तो म्हणाला, "इथे चाक फिरवलं की तिथे काहीतरी हललं पाहिजे. बाकी सगळी सजावट."

चाक निघाल्यावर जुना दांडा ओढायचा होता. मेव्हण्याने आधाराला हाताशी लागेल ते धरलं आणि जोर केला. दांडा सुटला, आणि मेव्हण्याच्या डाव्या हातात एक छोटी मूठही आली. तिला तुटलेली तार लोंबत होती.

"ही कशाची?"

अण्णांनी मूठ ओळखली. ती ओढली की बॉनेट उघडायचं.

"मग आता उघडणार नाही?"

"नाही."

मेव्हण्याने विचार केला. "आज बॉनेटमध्ये आपलं तसं काही काम नाहीये," तो म्हणाला, आणि मूठ खिशात घातली.

नवा दांडा घालताना त्याने खळखळ केली. तो एका अंगाने जाईना, दुसऱ्या अंगाने गेला तर बसेना. शेवटी मेव्हण्याने पाय लावला, काहीतरी कचकन चिमटल्यासारखा आवाज झाला आणि दांडा जागेवर बसला. बोल्ट आवळून, चाक चढवून झाल्यावर फुटबोर्डवर एक वायसर उरला.

"एखादा उरतोच," मेव्हणा म्हणाला. "नाही उरला तर मला झोप लागत नाही."

अण्णांना मात्र उरला तर झोप लागत नसे, म्हणून त्यांनी तो वायसर कुठला ते शोधून काढायचं ठरवलं. ते पुन्हा खाली वाकले, आणि तेवढ्यात फोन वाजला. माईच होत्या.

"अहो, डॉक्टर आत्ताच येऊन गेले. आजच घरी जा म्हणतायत. खाट हवीये त्यांना. याल का?"

"आज?"

"का, काही कामात आहात?"

"छे. बसलोय नुसता," अण्णा सीटखालून म्हणाले. "निघालोच."

वायसर जुन्या दांड्याचाच निघाला आणि अण्णांचा जीव भांड्यात पडला. मेव्हण्याने हत्यारांची पिशवी ओट्यावरच ठेवली आणि दोघं निघाले. फाटकातून डावीकडे वळताना अण्णांना भरून आलं. चाक लोण्यासारखं फिरत होतं. थडथड नाही, खेळ नाही. पुढच्या कोपऱ्यावरही डावं वळण होतं, तेही झोकात गेलं.

पोस्टाच्या चौकात मात्र उजवीकडे वळायचं होतं. अण्णांनी चाक फिरवलं आणि हॉर्न वाजायला लागला. जुन्या गाडीचा हॉर्न, एखाद्या म्हशीला वाईट बातमी सांगावी तसा. वळण संपेपर्यंत तो वाजत राहिला आणि चाक सरळ झाल्यावर गप्प बसला. रस्ता ओलांडणारे एक गृहस्थ अर्ध्यातूनच परत गेले. चौकातल्या पोलिसाने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी दिलगिरी म्हणून हात वर केला.

"तू दाबलास?"

"मी कशाला दाबू? माझे हात मांडीवर आहेत."

पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा तेच झालं. मघाचा कचकन आवाज कशाचा होता, ते आता अण्णांच्या ध्यानात आलं. हॉर्नची तार दांड्याखाली सोलली गेली होती आणि चाक उजवीकडे नेलं, की उघडी पडलेली तार लोखंडाला लागत होती.

"त्यात काय. बॉनेट उघडून हॉर्नच काढून टाकू," मेव्हणा म्हणाला, आणि मग त्याचा हात खिशातल्या मुठीला लागला. "मग इथूनच तोडतो तार," म्हणत तो वाकला. खाली पुष्कळ तारा होत्या आणि वयापरत्वे सगळ्यांचा रंग एकच झाला होता. त्याने त्यातल्या त्यात ढिली वाटणारी एक उपटली. इंजिन बंद पडलं. मागून गाड्या ओरडायला लागल्या आणि मेव्हण्याने ती तार परत खोचली तेव्हाच इंजिनाने मान हलवली.

"आता कशालाही हात लावू नकोस," अण्णा म्हणाले. "आपण डावीकडूनच जाऊ."

"कुठे?"

"सगळीकडे."

डावीकडे, डावीकडे आणि पुन्हा डावीकडे वळलं, की माणूस उजवीकडे निघतो. अण्णांनी याच हिशेबाने दवाखाना गाठला आणि गाडी बाहेर उभी केली. पण नर्स ऐकेना. "काका, पेशंटला पोर्चमधूनच गाडीत बसवायचं. गाडी आत आणा."

पोर्चला जाणारा रस्ता उजवीकडे गोल वळत जात होता. तोंडाशीच 'शांतता राखा' असा मोठा फलक होता. अण्णांनी एकदा फलकाकडे बघितलं, गिअर टाकला आणि चाक फिरवलं. त्या गोल रस्त्यावर संपूर्ण दवाखान्याच्या खिडक्या एकेक करून उघडत गेल्या. डोळ्याची पट्टी एका हाताने वर करून एक आजोबाही डोकावले.

पोर्चमध्ये चाकाच्या खुर्चीत माई बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पिशवी. त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या नर्सने कपाळाला आठ्या घातल्या. "कोण आहे हा माणूस?"

"आमचेच आहेत," माई म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी डोक्यावरून हात फिरवून केस सारखे केले.

पायरी उत्तम झाली होती. माई नर्सच्या आणि अण्णांच्या आधाराने चढल्या, उशी पाठीशी घेऊन बसल्या. मेव्हणा पायरी आणि पिशव्या घेऊन मागे हौद्यात गेला. अण्णांनी गाडी अगदी हळू काढली. फाटकाबाहेर डावीकडे. मग पुन्हा डावीकडे.

"अहो, घर उजवीकडे राहिलं."

"तिकडे रस्ता खणलाय."

आणखी एक डावं वळण झालं.

"आणि इकडे?"

"इकडेपण खणलाय."

माई खिडकीबाहेर बघत राहिल्या. या रस्त्यांवर त्यांचं एरवी येणं होत नसे. एका घराच्या कमानीवर बोगनवेल चढली होती. "ही आपल्याकडची," त्या म्हणाल्या. "किती नाजूक होती. ती बाई म्हणाली होती जगणार नाही." पुढे एका शाळेच्या भिंतीलगत अशोकाची रांग होती. तीही त्यांचीच, या पिकअपमधूनच आलेली. माईंनी काच पूर्ण खाली केली.

"तिथे खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीची टाकी दिसायची," त्या म्हणाल्या. "एकदा मनात आलं, आता मी या सीटवर काही परत बसत नाही."

अण्णांनी गिअर बदलला. "असलं काहीतरी मनात आणू नये."

"तुमच्या नाही आलं?"

अण्णा थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "मी स्टिअरिंगचा दांडा बदलला. तुला धक्के बसू नयेत म्हणून."

"कळलं मला. नखं बघा तुमची. आणि भावाने मला सकाळपासून चारदा फोन केलाय. मुठीचंही सांगितलं त्याने."

"मग हॉर्नचं?"

"ते पोर्चमध्ये कळलं." माई समोर बघत होत्या. "बघू, उजवीकडे वळवा जरा."

रस्ता मोकळा होता. अण्णांनी चाक फिरवलं. हॉर्न वाजला. हौद्यातून मेव्हण्याने दोन्ही हात वर करून आपण काही केलं नाही असं खुणावलं. माईंनी तोंडावर पदर धरला आणि दुसऱ्या हाताने खुबा दाबला. "पुरे, पुरे. टाके आहेत हो मला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बराच वेळ थांबेना, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं. अण्णांनी एक हात चाकावरून काढून त्यांच्या हातावर ठेवला. नवा दांडा एका हाताने सहज सांभाळता येत होता.

शेवटी घराची गल्ली आली. फाटक डाव्या हातालाच होतं. हौद्यात मेव्हणा उठून उभा राहिला. उन्हाने त्याचं नाक लाल झालं होतं. त्याने एका काखेत पायरी मारली, पिशव्या उचलल्या आणि उतरायच्या तयारीत राहिला.

"दुखतंय का फार?" अण्णांनी विचारलं.

"दुखतंय ना. घरी जाऊनही दुखणारच आहे." माईंनी उशी सारखी केली. "घाई आहे का तुम्हाला?"

"मला कसली घाई?"

"मग गल्लीच्या टोकाला डावीकडेच वळायचंय ना?"

अण्णांनी गाडीचा वेग जराही कमी केला नाही. फाटक जवळ आलं आणि मागे गेलं. मेव्हण्याने फाटकाकडे बघितलं, मग काचेतून आतल्या दोन डोक्यांकडे बघितलं. पिशव्या खाली ठेवल्या, पायरी उलटी करून डोक्यावर धरली आणि तिच्या सावलीत तो पुन्हा खाली बसला.