भालेरावांचा सोमवारचा तक्ता

खोली बघायला येणारा माणूस आधी खिडकी उघडतो, मग संडासाचं दार. भालेराव आले ते स्वतःची बादली घेऊन. निळी, वीस लिटरची. ती त्यांनी नळाखाली लावली, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले, भरल्यावर खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं, सगळं पाणी मोरीत ओतलं आणि बादली पुन्हा नळाखाली लावली.

"अहो, पाणी बघताय की सांडताय?" मी विचारलं.

"पहिला आकडा मी धरत नाही, आक्का. पाइपात साठलेलं पाणी असतं, ते जोरात येतं. टाकीचं खरं पाणी दुसऱ्या बादलीपासून."

दुपारी परत आले. संध्याकाळी परत आले. तिन्ही वेळा बादली. माझ्या गेटावर तेव्हा पाटी होती, 'खोल्या भाड्याने मिळतील. चोवीस तास पाणी.' संध्याकाळी जाताना त्या पाटीपाशी थांबले. "सकाळी आठला हे खोटं आहे," म्हणाले. "बाकी वेळी चालेल. खोली घेतो."

आमचं गाव महापालिकेत गेलं तेव्हा उसाच्या जागेवर मी चौदा खोल्या बांधल्या. आजवर नाना तऱ्हेचे भाडेकरू बघितले. मला तोंडावर खोटारडी म्हणून वर किल्ली मागणारा हा पहिलाच. मी किल्ली दिली. का दिली ते सांगता येणार नाही. बादली धरलेला माणूस निदान पळून जाणार नाही, असं वाटलं असेल.

महिन्याभरात जिन्यात कागद लागला. चौदा खोल्या, प्रत्येकीसमोर तीन आकडे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. कुणाची बादली किती सेकंदांत भरते ते. मी तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेले.

"माझ्या घरात माझीच बदनामी?"

"बदनामी नाही, तक्ता आहे," भालेराव म्हणाले. "बारा नंबरच्या सिस्टरबाईंना बादलीला चार मिनिटं लागतात. त्या दवाखान्यात अर्धवट अंघोळ करून जातात. आपल्याला माहीत होतं का?"

नव्हतं. प्लंबर बोलावला, तर बाराच्या व्हॉल्व्हमध्ये गंजाचा गोळा अडकलेला. सिस्टरबाई तीन वर्षं राहत होत्या, कधी बोलल्या नाहीत. पाटीवरचं 'चोवीस तास' मी स्वतः रंगाने खोडलं. माणसाला मानायची मला सवय नाही, पण त्या दिवशी चहा वर पाठवला.

बादली हा त्यांचा छंद. काम वेगळंच. भालेराव खडकीला सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्याने केलेली वस्तू घ्यायची, मोजायची, नापास करायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ते इंटरनेटवरच्या खोल्या मोजायला लागले.

हे मला समजायला दोन दुपारी लागल्या. कुठेतरी जर्मनीत, सिंगापुरात एक मोठं मशीन असतं. मालक त्याचे तुकडे पाडून भाड्याने देतो. प्रत्येक भाडेकरूला वाटतं, सगळं मशीन आपलंच. त्यात आपण काही लिहिलं, साठवलं, की ते डिस्कवर जातं. आणि डिस्क सगळ्यांत एकच.

"म्हणजे खोल्या चौदा आणि टाकी एक," मी म्हटलं.

भालेराव माझ्याकडे बघतच राहिले. "आक्का, हे इंजिनियर झालेल्या पोरांना सांगताना माझा घसा बसतो."

"त्यांनी कधी खोल्या दिल्यात? स्वस्तातला मालक काय करतो ते मला विचारा. टाकी आठ जणांची असते, तो वीस जण घुसवतो. आणि गेटावर पाटी लावतो."

"अगदी तसंच," ते म्हणाले. "त्या पाट्याच मी तपासतो."

स्वस्तातल्या तीस-बत्तीस कंपन्यांची मशिनं त्यांनी भाड्याने घेऊन ठेवलेली. दिवसातून तीनदा प्रत्येकाला सांगायचं, ही एवढी मोठी फाईल लिही. किती वेळात लिहिली ते बघायचं. फाईलमध्ये काय, तर आधी नुसती शून्यं असायची.

"शून्यं लिहून घ्यायला भाडं भरता?" मला हसू आवरेना.

"भरत होतो. काही मशिनं लबाड निघाली. सगळी शून्यंच आहेत म्हटल्यावर 'भरपूर शून्यं' एवढंच लिहून ठेवतात आणि सांगतात, झालं. म्हणून आता मी कसाही कचरा देतो. त्यात काटछाट करता येत नाही."

दुसरी लबाडी त्याहून मोठी. मशीन म्हणतं 'लिहिलं', पण लिहिलेलं नसतं, नुसतं ध्यानात धरलेलं असतं. वीज गेली की ध्यानातलंही गेलं. म्हणून लिहिलेलं डिस्कवर टेकेपर्यंत भालेराव हलत नाहीत. त्यांच्या तोंडी एकच प्रश्न, "टेकलं का?" वैशालीने, माझ्या सुनेने, सांगितलं की कुरियर तुमच्या दाराशी ठेवलंय, तर हे विचारणार, "टेकलं का?" मी म्हटलं, मी बरी आहे, तर पहिला आकडा धरत नाहीत, संध्याकाळी जिन्यात गाठून पुन्हा विचारणार, "आता कसं आहे?" गुडघा दुखतोय हे मी मुलाला सांगितलं नव्हतं. भालेरावांनी दुसऱ्या विचारण्यात काढून घेतलं.

दर सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांचा तक्ता इंटरनेटवर जातो. सगळ्यात वेगवान कंपनी वर, सगळ्यात मंद खाली. आकडा एका सेकंदाला किती एमबी असा असतो. एमबी म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, जास्त तो चांगला एवढं कळतं. जग तो तक्ता वाचतं. ब्राझीलच्या कुणा शाळामास्तराने आभार मानले होते, ते पत्र त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं. एका कंपनीने कळवलं, आमचं नाव जरा वर घ्या, वर्षभर मशीन फुकट देतो. भालेरावांनी पुढच्या सोमवारी त्या कंपनीच्या नावापुढे लिहिलं, 'यांनी फुकट मशीन देऊ केलं. वेग तोच.'

चौथी शिकलेली मी त्या खोलीत जाऊन बसायला लागले. एक पलंग, एक टेबल, बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि खुर्चीत गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या शर्टातला माणूस. तो एक बटण दाबतो आणि समुद्रापलीकडचं मशीन निमूटपणे कचरा लिहायला बसतं. मी आयुष्यात आगीचा बंब बघितला, विमान बघितलं, पण इतकी थक्क कशानेच झाले नव्हते. आणि ह्या सगळ्यातून त्या माणसाला मिळतं काय, तर काही नाही. मोजलेलं खरं निघालं पाहिजे, बस.

तक्त्यात एक गोष्ट मला खुपायची. वरची नावं खालीवर होत, तळाचं नाव मात्र हलत नसे. आकडा साठ-एकसष्ट, बाकीचे तीनशेच्या पुढे.

"ही गोगलगाय कशाला ठेवलीत?" मी एकदा म्हटलं. "काढून टाका की."

"ती माझ्या मुलीची कंपनी आहे," भालेराव म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. मुलगी प्रज्ञा. आई लहानपणीच गेली, ह्यांनीच वाढवली. चार वर्षांपूर्वी तिने मैत्रिणीबरोबर बाणेरला दोन खोल्यांत हा धंदा सुरू केला. मशिनं जुनी घेतलेली. बापाने मोजली. ती म्हणाली, "बाबा, दोन महिने तक्त्यात घालू नका. नव्या डिस्क घेतेय." पण सोमवार आला आणि बापाने तक्ता लावला. प्रज्ञा तळाला. होती ती गिऱ्हाइकं तुटली, नव्या डिस्क राहून गेल्या. क्वार्टर सोडून भालेराव तिच्याकडे राहायला जाणार होते. ते बादली घेऊन माझ्याकडे आले.

"दोन महिने थांबला असतात तर आभाळ पडलं असतं?"

"दुसऱ्यांसाठी थांबलो नव्हतो," ते म्हणाले. "थांबायला हवं होतं की नाही, ते मला अजून मोजता आलेलं नाही."

मुलगी फोन उचलत नाही. पण हे तिचे गिऱ्हाईक आहेत. आणि गिऱ्हाइकाला तक्रार करता येते. कंपनीच्या पानावर तक्रारीचा एक फॉर्म आहे. त्यात चार खाने, वेग, बिल, पासवर्ड, इतर. भालेराव दर मंगळवारी 'वेग' निवडतात आणि इंग्रजीत तीन आकडे लिहितात. खाली नाव नाही, नुसता ग्राहक क्रमांक. तासाभरात उत्तर येतं, खाली 'सपोर्ट'. ऑफिसात माणसं दोन, त्यातली मैत्रीण हिशेब बघते. म्हणजे सपोर्ट कोण ते उघड आहे.

हे लिहिणार, आज साठ भरलं. ती लिहिणार, आमच्याकडे चौसष्ट दिसतंय. एकदा तिने कळवलं, दुपारी दोनला सगळी गिऱ्हाइकं आपापल्या फायलींची प्रत काढतात, तेव्हा मोजणं अन्यायाचं आहे. भालेरावांनी दोनचं मोजमाप अडीचवर नेलं, तिच्यासकट सगळ्या कंपन्यांचं. मी त्यांना कुणाचं ऐकताना बघितलं ते एवढंच.

"तिला कळलंय हो तुम्ही कोण ते," मी म्हटलं. "असं मोजणारा जगात दुसरा कोण आहे?"

"तसा पुरावा नाही," भालेराव म्हणाले.

तीन वर्षं बापलेक असे आकड्यांत बोलत होते. आणि मग ह्या पौषात एका सकाळी भालेराव अनवाणी खाली आले. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "चारशे ऐंशी."

"काय चारशे ऐंशी?"

"प्रज्ञा."

विश्वास ठेवतील तर ते भालेराव कसले. दुपारी मोजलं, संध्याकाळी मोजलं, आठवडाभर मोजलं. चारशे ऐंशीच्या खाली आलं नाही. पोरीने डिस्क बदलल्या होत्या. सोमवारी तळाचं नाव वरून दुसरं झालं. बापाने तिच्यापुढे एक अक्षर जास्त लिहिलं नाही, नुसता आकडा. वैशालीने शिरा केला, मी वाटी घेऊन वर गेले.

भालेराव शिऱ्याकडे बघेनात. मंगळवार होता. पडद्यावर तक्रारीचा फॉर्म उघडा. वर तिचं शेवटचं उत्तर होतं, ते त्यांनी मला मराठीत सांगितलं, 'अडचण दूर झाल्यामुळे ही तक्रार बंद करत आहोत.' खाली 'वेग' निवडलेला आणि पुढे एक आकडा लिहिलेला. वीजमीटर वाचून मला इंग्रजी आकडे येतात. अठ्ठावन्न होता.

"परत मंदावलं?"

भालेरावांनी बोट बटणावर नेलं.

"हे कधी मोजलंत?"

"मोजलं नाही," ते म्हणाले.

वाटी माझ्या हातातच राहिली. वर्षाचं मशीन फुकट मिळत असताना एका आकड्याला हात न लावलेला माणूस, आणि त्याने पोटच्या पोरीविरुद्ध खोटा आकडा लिहिला होता. आकडा वाईट असता तर पोरीचं उत्तर आलं असतं. चांगला होता, तर लिहायला काही नव्हतं. अजून पाठवला नव्हता. बटणावर बोट होतं.

"खोडा तो," मी म्हटलं.

"मग काय लिहू?"

"तो चौथा खाना कशाला आहे?"

"इतर? त्यात मी कधीच काही लिहिलं नाही. तिथे मोजायचं काय?"

"काही मोजू नका. जेवलीस का, विचारा."

"सपोर्टला?"

"का? सपोर्ट जेवत नाही?"

एक ओळ लिहायला त्या माणसाला पाऊण तास लागला. तेवढ्यात शिरा मीच खाल्ला, गार झाल्यावर त्याचा गोळा होतो. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं, "वेग उत्तम आहे. तक्रार नाही. आपण जेवलात का?" तीन वर्षांच्या इंग्रजीत ही पहिली मराठी. 'आपण' काढा म्हटलं, तर म्हणाले, गिऱ्हाइकाने सपोर्टला अरेतुरे करू नये. पाठवलं.

तासाभरात उत्तर आलं नाही. संध्याकाळीही नाही. बुधवारी नाही. गुरुवारी मी जिन्यात विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. सल्ला माझा होता.

शुक्रवारी सकाळी वरून हाक आली, "आक्का, जरा येता का?" गुडघ्याला धरत तीन मजले चढले. भालेरावांनी मला खुर्ची दिली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"उत्तर आलं?"

"नाही. पण ही बंद केलेली नाही. त्यांच्याकडे तक्रार संध्याकाळपर्यंत बंद होते. ही तीन दिवस उघडी आहे. आणि इथे बघा, कंपनीने शेवटचं कधी पाहिलं ते दिसतं. रोज पाहिलं जातंय. आज, नऊ चाळीस."

"मग?"

"मग काही नाही. आपल्याला दाखवावंसं वाटलं."

ते टेबलाशी वाकून उभे होते. सकाळची घाई, कुणी बाहेरून आलेलं नाही, म्हणून गळ्याशी शर्ट उघडा होता. त्यांनी पान ताजं करायचं बटण दाबलं. नऊ चाळीसचं नऊ त्रेचाळीस झालं. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. नऊ त्रेचाळीस.

"ती आत्ता बघतेय," भालेराव हळूच म्हणाले, सरळ उभे राहिले आणि शर्टाची वरची गुंडी लावली.