कानांचा पहिला नंबर

"मला काढतात काय! बघतोच कोण काढतं ते!" सोमवारी सकाळी फिटरकाकांनी बायकोला ठणकावून सांगितलं. त्यावर ती काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं नाही. सगळी भानगड इथेच तर होती! बाटल्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं खडखडाटात गेली. काकांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती, कान मात्र केव्हाच निवृत्त झाले होते. हे गुपित त्यांनी जिवापाड जपलं होतं.

आदल्या शनिवारी साहेबांनी सगळ्यांना जमवून भाषण केलं होतं. त्यातले दोनच शब्द काकांच्या कानांत शिरले, 'कान' आणि 'काढणार'. काकांना धडकीच भरली. त्यांच्या जोडीचा वेल्डर मागच्या वर्षी घरी बसला आणि चार महिन्यांत भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसला!

त्या सोमवारी कारखान्यात सगळ्यांचे कान तपासायचे होते. तपासणीच्या खोलीत नर्सबाईंनी त्यांना हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं.

"आवाज आला की दाबा हं, काका!"

आवाज कसला येतोय, डोंबल! पण यंत्राची कळ दाबताना बाईंची डावी भुवई वर जाते, हे काकांनी हेरलं. भुवई वर, अंगठा खाली! भुवई वर, अंगठा खाली! मध्येच बाईंना शिंक आली, तेव्हाही काकांनी बटण दाबलं.

रिपोर्ट आला. साठ जणांत पहिला नंबर!

बुधवारी फळ्यावर कागद लागला. 'ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांना गोंगाटातून काढून शांत खोलीत बसून काम मिळेल. इच्छा असल्यास निवृत्तीनंतरही.' खाली क्रेनवाल्याचं नाव होतं, खिडकीजवळच्या खुर्चीसकट. आणि काका? 'कान उत्तम. कॉम्प्रेसर विभाग.' तिथल्या गोंगाटाने तरणी पोरंसुद्धा आठवड्यात डोकं धरून पळायची!

काका धावत साहेबांकडे गेले.

"साहेब, मी फसवलं. मला ऐकू येत नाही हो!"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे कुणापाशी कबूल केलं होतं. डोळे भरून आले.

साहेब खो खो हसले. "सकाळपासून बहिरे झालेले तुम्ही तेरावे, काका! खुर्ची दिसली की सगळ्यांचेच कान जातात. तुमचा तर पहिला नंबर!"

काकांना फक्त साहेबांचे दात दिसले. मग साहेबांनी विचारलं, "तेव्हा दोन्ही वर्षं कॉम्प्रेसरवरच काढाल ना?" विचारताना त्यांची डावी भुवई वर गेली.

काकांचा अंगठा आपोआप खाली गेला.

"हो साहेब!" काका म्हणाले.