शेजारणींचा मान

इरूच्या डोक्यातल्या झोपलेल्या पेशींना उष्टावणाचं आमंत्रण रीतसर गेलं होतं, तरी त्यांच्यातली एकही उठली नाही.

आमच्याकडे पद्धत अशी आहे. मेंदू घडत असताना काही पेशी मधेच काम थांबवून झोपतात. बाळाच्या पोटात पहिलं अन्न जाणार असलं की टाळूवर अक्षता ठेवून त्यांना बोलावणं करायचं. मग त्या उठतात, एकीच्या दोन होतात, एक मेंदूच्या कामाला लागते आणि दुसरी पुढच्या खेपेसाठी मागे राहते. टाळू भरली की दार बंद. नंतर बाहेरून कितीही हाका मारा, आत ऐकू जात नाही.

इरूची टाळू भरत आली होती. मामाने वाटीतली खीर चाटवली, फोटो निघाले, पाहुणे जेवले आणि इरू आपली पंख्याकडे आणि आईकडे सारख्याच नजरेने बघत राहिली. वैजूने, म्हणजे माझ्या भावजयीने, उठून पंखा बंद केला. मग ती इरूसमोर जाऊन बसली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मी टाळूला कान लावला. आत धुसफूस चालली होती. आमंत्रण कुणी केलं, असं मी घरातल्यांना विचारलं.

माझ्या भावाने, प्रफुल्लने केलं होतं. तो कारखान्यात नियोजन बघतो, त्यामुळे घरातही कुणाचा वेळ वाया गेलेला त्याला खपत नाही. ज्यांना उठायचंय त्यांना थेट कळवलं, असं त्याने सांगितलं. शेजारणींना वगळलं, कारण त्या जाग्याच होत्या.

मी कपाळाला हात लावला. शेजारणी म्हणजे आधारपेशी. झोपलेल्यांना मांडीवर घेऊन त्याच बसलेल्या असतात. अन्न पोचल्याची वर्दी आधी त्यांच्याकडे येते, मग त्या पाठीवरून हात फिरवून उठवतात, तेव्हा कुठे बाकीच्या डोळे उघडतात. पण स्वतःच्या लग्नात सख्ख्या मावशीला बोलवायचं विसरलेला माणूस हा. याच्यावर काम सोपवायलाच नको होतं.

“वर्दी आलीय आमच्याकडे,” आतली थोरली शेजारीण मला म्हणाली. “खीर चांगली होती, वेलची जरा जास्त पडली. पण आम्हाला कुणी बोलावलंच नाही, तर आम्ही कुणाला आणि कशाला उठवायचं?”

मी ओटी भरते म्हटलं. त्यांना ओटी नको होती. ज्याने वगळलं त्याने यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

प्रफुल्लला ते जड गेलं. पेशींची कसली माफी मागायची, असं तो पुटपुटला. वैजूने मान वर केली नाही.

“ती मला ओळखत नाहीये,” ती म्हणाली.

प्रफुल्लने चष्मा काढला, जमिनीवर बसला आणि टाळूशी तोंड नेलं. “चुकलं माझं. तुम्ही सगळ्या जेवायला चला.”

पंगत पहिली का, अशी आतून चौकशी झाली. पाहुणे जेवून झाले होते, तरी मी पहिलीच म्हणून सांगितलं. मामा पान खायला कोपऱ्यावर गेला होता, त्याला चूळ भरायला लावून परत बसवलं. पहिला चमचा शेजारणींच्या नावाने दिला. थोड्या वेळाने आत लगबग ऐकू आली. अगं उठा, किती झोपायचं, असं कुणीतरी कुणालातरी म्हणत होतं.

इरूने मान वळवली. वैजूकडे बघितलं, पुन्हा नीट बघितलं आणि हसली. वैजूला रडू आवरेना. मलाही आवरलं नाही.

मग प्रफुल्ल पुढे वाकला. इरू त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. हसली नाही. त्याचा चेहरा इतका उतरला की मी पुन्हा टाळूला कान लावला. एक नवी पेशी विचारत होती, हा कोण?

शेजारणींची आपापसात कुजबुज झाली.

“हिचा बाप आहे,” थोरली म्हणाली. “बोलवायला जातीने आला होता. धर त्याचं नाक.”

इरूने धरलं.