चिपडाची खूण

गर्वाचं घर खाली असतं, हे आजोबांना तोंडपाठ होतं. फक्त ते घर नेहमी दुसऱ्याचंच असतं, असा त्यांचा समज होता!

"सूनबाई, निर्धास्त जा! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत. केसाएवढी स्प्रिंग या बोटांनी बसवतो मी. दोन तान्ह्यांचे डोळे पुसायला काय लागतं?"

"आम्ही पाळणाघर बघून दोन तासांत येतो, बाबा. आज तुमचं निभलं, तर पाळणाघर रद्द!"

"आणि लंगोट मी आत्ताच बदललेत," आजी म्हणाली.

"ते खातं तुझंच!"

सासू-सुना गेल्या. नातवंडं परक्या घरी जाणार की आजोबांच्या मांडीवर राहणार, याचा निकाल आता दोन तासांवर!

जुळी तीन महिन्यांची. आजोबांनी लाडानं नावं ठेवलेली, टिक आणि टॉक. टिकचा उजवा डोळा सारखा पाणवायचा, टॉकचा डावा. झोपून उठलं की चिपडांनी पापण्या डिंक लावल्यासारख्या! "अश्रूंची नळी अजून पुरती उघडलेली नाही, बहुतेक आपोआप उघडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तोवर उकळून गार केलेलं पाणी, दर वेळी नवा कापूस आणि नाकाशेजारी हलकी मालीश.

आजोबांनी हात धुतले, भिंग चढवलं आणि देवाचं नाव घेऊन टिकचा डोळा असा पुसला, की नव्या घड्याळाची काचच! मग टिकला बाटलीभर दूध. मग टॉकचा डोळा, तोही लख्ख! बाटली आणायला ते आत वळले, तोच दोघांनी भोकाड पसरलं. उघड्या दारातून शेजारीण धावत आली, दोघांना उचलून झुलवलं, गप्प केलं, पाळण्यात ठेवलं.

आजोबा बाटली घेऊन आले आणि जागीच थिजले. सारखी झबली, सारखी टकली, सारखे लख्ख डोळे!

"यातलं टिक कोणतं?"

"मला काय ठाऊक? आजोबा तुम्ही की मी?" म्हणत शेजारीण गेलीसुद्धा.

आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तीन महिने ते पोरं ओळखत होते ती चिपडांवरून! आणि ती खूण त्यांनी स्वहस्ते कचऱ्यात टाकली होती!

"उपाशी असेल ते पिईल," त्यांनी युक्ती लढवली. डावीकडचं घटाघटा प्यालं. खात्रीसाठी उजवीकडच्याला दिलं. तेही घटाघटा!

"आता भरल्या पोटी प्यालेलं ओकेल!"

डावीकडच्यानं सदऱ्याच्या एका बाहीवर ओकून शब्द पाळला. आजोबा "हेच टिक!" म्हणतात, तोच उजवीकडच्यानं दुसरी बाही भिजवली!

देवाला साकडं घालून ते पाळण्याशी बसले. "देवा, एक थेंब! उजव्या नाहीतर डाव्या डोळ्यात, पण एकच थेंब!" डोळे कोरडे ठाक. सासू-सुना परतल्या तेव्हा पाणी वाहत होतं ते आजोबांच्याच डोळ्यांतून.

"पोरी, माझी नातवंडं हरवली गं! कोण टिक, कोण टॉक, कळेना!"

सूनबाईनं आधी पाळण्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या डोळ्यावरच्या भिंगाकडे.

"बाबा, 'नातू आणि नात एकदमच झाली' म्हणून महिनाभर गिऱ्हाइकांना पेढे कोण वाटत होतं?"

आजोबांचा आ वासला. आजीनं तर जमिनीवर बसकणच मारली, हसून हसून.

"डोळे मात्र सुरेख पुसलेत हं," सूनबाई म्हणाली. "पाळणाघर रद्द. पण उद्यापासून लंगोटाचं खातंही तुमच्याकडे! म्हणजे चुकामूक व्हायला नको."