शेजाऱ्याचे लीक पाहू नयेत

कुंपणावरून डोकावणं बंद करायचं, असं मी एका रविवारी चर्चमधून परतताना ठरवलं. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ एवढंच. (डोकावत राहिलो असतो, तर आज आमच्या घरात कपडे धुवायचं यंत्र असतं.)

दोष पाद्रीबुवांचा. त्यांनी बायबलातल्या दहाव्या आज्ञेवर प्रवचन केलं आणि त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा आला, ‘कव्हेट’. आमच्या थॉर्नलॉ या कोळसाखाणीच्या गावात हा शब्द चर्चबाहेर कुणी वापरत नाही. खाणीत माणसं सरळ ‘हवंय’ म्हणतात आणि क्लबात नुसता रिकामा ग्लास पुढे सरकवतात. मला एखादी गोष्ट कळली नाही तर जेवण जात नाही. मी दारातच बुवांना गाठलं.

“बुवा, कव्हेट करणं म्हणजे हवंसं वाटणंच ना?”

“छे छे, हेपल. भूक लागली, पाव हवासा वाटला, ती साधी इच्छा. स्वतःच्या ताटात पाव असताना शेजाऱ्याच्याच ताटातला हवासा वाटला, की ते कव्हेट.”

“आणि नुसतं बघितलं तर?”

“एकदा बघितलंत तर बघितलंत. रोज बघायला लागलात की सुरुवात झालीच म्हणायची.”

मी तर शेजाऱ्याचे लीक रोजच बघत होतो.

आता लीक म्हणजे काय, तर कांद्याच्या पातीची थोराड, गंभीर स्वभावाची बहीण. आमच्याकडे लीक खातात कमी आणि वाढवतात जास्त. दर सप्टेंबरात क्लबात लीकांचं प्रदर्शन भरतं. बक्षिसं म्हणून घरगुती वस्तू मांडलेल्या असतात. पहिला येईल त्यानं पहिली वस्तू उचलायची, दुसऱ्यानं उरलेल्यातली, आणि असं शेवटच्यापर्यंत. लीक पुरुषांचे असले तरी वस्तू कुठली उचलायची हे बायकाच ठरवतात. त्या आधीच टेबलाभोवती फेऱ्या मारून येतात.

त्या वर्षी टेबलावर कपडे धुवायचं यंत्र होतं. माझी बायको विनी त्याच्या झाकणावरून हात फिरवून आली आणि घरी येऊन गप्प बसली. विनी गप्प बसली की मला काम लागतं.

“हे कव्हेट झालं बरं का,” मी नवीन ज्ञान तिच्यापुढे मांडलं.

“कसं? ते अजून कुणाचंच नाही. डोरीनच्या घरात गेलं तर कव्हेट. तोवर नुसतं हवंय.”

(शाळेत ती माझ्याहून एक इयत्ता जास्त शिकली आहे. ते अधूनमधून असं दिसतं.)

डोरीन म्हणजे आमच्या शेजारच्या रिडली चार्लटनची बायको. रिडलीचा वाफा कुंपणाच्या पलीकडे, माझा अलीकडे. सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी जायचं, त्याचे लीक बघायचे, सुस्कारा सोडायचा, मग आपल्या लीकांना पाणी घालायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. सोमवारी मी कप घेऊन पाठ फिरवून उभा राहिलो.

“काय रे कथबर्ट, रुसलास?” पलीकडून रिडली.

“नाही बाबा. तुझे लीक बघायचे नाहीत असं ठरवलंय.”

“का? काय वाईट आहे माझ्या लीकांत?”

“वाईट नाहीत, म्हणूनच.”

“मग बघ की!”

“नको. बघितले की हवेसे वाटतात.”

मग त्याचा आवाज बदलला. “एवढं गोड तू कधी बोलत नाहीस. तिकडे काय लपवून ठेवलंयस?”

खरी अडचण माझ्या मानेची होती. ती सवयीनं आपोआप वळायची. शेवटी मी कुंपणावर जुनी ताडपत्री ताणून बांधली. मन शांत झालं. गावाचं मात्र बिघडलं. लीकवाला माणूस वाफ्याला आडोसा करतो तो एकाच कारणासाठी, आत काहीतरी अचाट वाढतंय म्हणून! दोन दिवसांत क्लबात बातमी पोचली की कथबर्ट हेपलचे लीक माणसाच्या मांडीएवढे झालेत. मी नाही म्हटलं. त्यावर ते मांडीचे कंबरेएवढे झाले.

आता सगळं गाव मला कव्हेट करायला लागलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. खाणीवर दिव्यांच्या खोलीत मी खाली उतरणाऱ्यांना दिवे वाटतो. एरवी दिवा घेऊन न बघता जाणारी माणसं थांबून माझी विचारपूस करू लागली. मग मलाही वाटू लागलं की माझे लीक खरोखरच भारी आहेत. तसे ते दिसतही होते. तुलनेला शेजारी काही दिसतच नव्हतं ना!

“नक्की मिळेल?” विनीनं विचारलं.

“मिळाल्यातच जमा.”

तिनं त्याच दिवशी कपडे पिळायचा आमचा हातानं फिरवायचा चरक डोरीनला देऊन टाकला.

इकडे गावातले पुरुष माझ्या धास्तीनं आपापल्या वाफ्यांत राबत होते. कुणी लीकांना बिअर पाजली, कुणी मेंढीच्या लेंड्यांचा काढा. रिडली तर जेवायलाही बाहेरच बसू लागला, असं डोरीन सांगत होती.

प्रदर्शनाच्या शनिवारी सगळ्यांदेखत माझे लीक उपटले. ते क्लबात परीक्षकापुढे मांडले. त्यानं मोजायची फीत गुंडाळली, पुन्हा उलगडली, आणि हळू आवाजात विचारलं, “बाकीचे आणायचे राहिलेत का?”

रिडली माझ्या कानाशी वाकला. “अरे, ती ताडपत्री तू उन्हाच्या बाजूला बांधली होतीस. मला वाटलं, तुझी काहीतरी नवी युक्ती असेल. म्हणून बोललो नाही.”

रिडली पहिला आला. डोरीननं सरळ जाऊन यंत्रावर हात ठेवला. माझी पाळी आली तेव्हा टेबलावर निवडायला एकच वस्तू उरली होती, खिडकीचे जाळीचे पडदे. विनीनं ते घडी करून काखेत मारले आणि माझ्या पुढे घरी गेली. त्या संध्याकाळी डोरीननं आमचा चरक परत आणून दिला, पुसून लख्ख केलेला. म्हणाली, “आता आम्हाला कशाला लागतोय.”

पडदे शेजारच्या बाजूच्या खिडकीला लागले. जाळी मोठी सोयीची असते, बाहेरून काही दिसत नाही, आतून सगळं दिसतं. सोमवारी डोरीनचं यंत्र सुरू झालं तशी विनी चरक सोडून पडद्यामागे खुर्ची ओढून बसली.

“विनी,” मी जपून म्हणालो, “आता ते डोरीनच्या घरात आहे. हे मात्र कव्हेट झालं.”

“आज्ञेत काय काय सांगितलंय रे? कशाची हाव धरायची नाही?”

मी बोटांवर मोजत सांगू लागलो. शेजाऱ्याचं घर, बायको, नोकरचाकर, बैल, गाढव...

“यंत्र नाही ना त्यात?” तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. “मग झालं. आणि गाढवाचं म्हणशील, तर ते मला शेजाऱ्याचं कशाला हवंय? घरचं आहे. चल, चरक फिरव.”