आज सावकाश, पण कोणाशी?

ओर्नेल्ला कापास्सोने पडद्यावरचा एकविसावा लॅपटॉप पुसला आणि बाकीचे वीस लगेच सुसाट सुटले. तो परत आणून ठेवला, तर सगळ्यांचीच गोगलगाय! गेले तीन आठवडे हाच खेळ चालला होता.

लॅपटॉप खोटे, वायफायही खोटं. सगळा कारभार नेपल्सच्या एका विद्यापीठातल्या कॉम्प्युटरमध्ये. खऱ्यासारखाच इथेही नियम असा की जवळच्याला माहिती भरभर पाठवायची, लांबच्याला हळू. एकविसावा लांब कोपऱ्यात होता, तो रेंगाळला तर समजू शकतं. पण त्याच्यापायी जवळच्या वीस जणांनी का रडावं? ओर्नेल्लाला राग कमी आणि नवलच जास्त वाटत होतं.

पण आज नवल करायला वेळ कुठे होता? अकराला फिनलंडहून डॉक्टर हालोनेन प्रकल्प बघायला येणार होते. त्यांच्यापाशी चाळीस मिनिटं. त्यांना पटलं तर ओर्नेल्लाची नोकरी दोन वर्षं पुढे, नाहीतर घरी. "आटोपलं आपलं," असं म्हणून ती कॉफी प्यायला खाली उतरली.

"काय... देऊ... पोरी?" कॉफीबारवाल्या कार्मिनेने विचारलं. एरवी हा माणूस एका दमात तीन फुटबॉल सामने सांगायचा.

"बरं नाही का, कार्मिनेकाका?"

"मला... काय... धाड... भरलीय?"

"मग असं का बोलताय?"

"अस्सुंताबाईंचा... हुकूम. आज... सावकाश."

"पण कोणाशी?"

"ते... नाही... सांगितलं. म्हटलं... सगळ्यांशीच... बोलावं."

दारात पहारेकरी आणि लिफ्टवाला भांडत होते, पण इतक्या सावकाश की भांडण काही केल्या रंगेना. शेवटी दोघेही कंटाळले.

ओर्नेल्ला तडक अस्सुंताबाईंच्या टेबलाशी गेली. विभागाच्या सेक्रेटरीबाई त्या. सगळे निरोप त्यांच्याच हातून जायचे.

"प्रोफेसर म्हणाले, पाहुणा परदेशी आहे, सगळ्यांना सांगा, सावकाश बोला. मी दारातल्या फळ्यावर लिहिलं, आज सावकाश."

"अहो, पण कोणाशी ते नको लिहायला?"

"मला सांगितलं तेवढं लिहिलं बाई. फळा एकच आहे, जो येतो तो वाचतो!"

ओर्नेल्ला जागच्या जागी थबकली. "अगं बाई! फळा!" असं ओरडून ती जिन्याने धावत सुटली.

सॉफ्टवेअरमध्येही एकच फळा होता. एकविसाव्याला पाठवताना तिथे 'हळू' लिहिलं जायचं आणि बाकीचे ते आपल्यालाच समजून वाचायचे. माहितीच्या प्रत्येक पाकिटाला त्याच्या वेगाची स्वतःची चिठ्ठी चिकटवली की झालं! पण त्याला वीस मिनिटं तरी हवीत, आणि घड्याळात अकरा वाजत होते.

शेजारच्या दालनात प्रोफेसर योव्हीने यांनी स्वागत सुरू केलं. "या... डॉक्टर... आमच्या... विभागात..." एरवीचं सहा मिनिटांचं भाषण. आज तेवीस मिनिटं झाली तरी भाषणात विभागाच्या इमारतीचा पायाच घातला जात होता. पाहुण्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. ओर्नेल्ला इकडे चिठ्ठ्या चिकटवत मनात म्हणत होती, "बोला प्रोफेसर, अजून हळू बोला!"

पाहुणे आत आले तेव्हा पडद्यावर वीस लॅपटॉप सुसाट होते आणि एकविसावा आपल्या कोपऱ्यात निवांत.

"हा... लांबचा... म्हणून..." प्रोफेसर समजावू लागले.

"अहो, भरभर बोला हो!" हालोनेन अस्सल नेपल्सच्या बोलीत कडाडले. "माझी बायको इथली! अठरा वर्षं सासूबाईंचं ऐकतोय! मला वाटलं, तुमच्याकडे कोणी गेलंबिलं की काय!"

सगळे हसले. ओर्नेल्लाने फळ्याची हकीकत सांगितली, दारातल्याही आणि सॉफ्टवेअरमधल्याही. हालोनेन खुर्ची ओढून बसले, खोदून खोदून विचारत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दोन वर्षं दिली! पण पोरी, हा फळा आत टाकला कोणी?"

ते काही तिने पाहिलं नव्हतं. तिने पडद्यावर सॉफ्टवेअरची फाइल उघडून अगदी वरच्या ओळीपर्यंत नेली. लिहिणाऱ्याचं नाव तिथेच होतं. तिघांनीही वाचलं.

प्रोफेसर योव्हीने यांनी घसा खाकरला.

"त्याचं... असं... आहे... डॉक्टर..." ते म्हणाले. या वेळी त्यांना सावकाश बोला असं कोणीही सांगितलं नव्हतं.